हातीसाहीचा हत्ती

माझ्या प्रबंधात एक तरी चूक काढून दाखवा, असं मी कटकच्या आमच्या इतिहास विभागात सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं! विषय : आमच्या वस्तीला हातीसाही, म्हणजे हत्तीची वस्ती, का म्हणतात. उत्तर : इथे राजाचा हत्ती बांधायचे. आणि पुरावे? वर्तमानपत्रातला लेख, वस्तीची वेबसाइट आणि शेजारचे ऐंशी वर्षांचे बैधर मौसा. तिघांचं अगदी एकमत!

तोंडी परीक्षेला संबळपूरहून शतपथी मॅडम आल्या. दिसायला छेनापोड मिठाईसारख्या मऊ, गोड.

"वर्तमानपत्रातल्या या लेखकाला हे कुणी सांगितलं?"

"त्यानं... शोधलं असेल, मॅडम."

"असेल? लाव फोन, स्पीकरवर."

वार्ताहर खुशीत म्हणाला, "अहो, तुमच्या वस्तीच्या वेबसाइटवरून उचललं!"

माझे मार्गदर्शक दाशसर एकाएकी छताचं निरीक्षण करू लागले.

वेबसाइटवाल्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "बैधर मौसांनी सांगितलं. मौसा काय खोटं बोलतील?"

तरी मी ठासून म्हणाले, "मॅडम, मौसा म्हणजे मूळ झराच!"

"मग झऱ्यालाच विचारू."

मौसांना कमी ऐकू येतं. मी ओरडले, "मौसा, हत्तीचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण, लिप्सा? अगं, तूच की! गेल्या दुर्गापूजेला आलीस नि म्हणालीस, 'इथे राजाचा हत्ती बांधत असतील ना?' म्हटलं, असेल बाबा, पोरगी एवढी शिकलेली! मग मी गावभर सांगितलं!"

प्रबंध घेऊन खिडकीतून उडी मारावीशी वाटली, पण आमचा विभाग तळमजल्यावर!

मॅडम फोनजवळ वाकल्या. "मौसा, तुमच्या लहानपणी काय म्हणायचे?"

"लहानपणी? इथे एक अगडबंब तेली होता. सगळे त्याला हाती म्हणायचे. आई त्याच्याकडूनच तेल आणायची."

"मग हे मला का नाही सांगितलंत?" मी जवळजवळ रडलेच.

"तू तेल्याचं विचारलंस कुठे? तुला राजा हवा होता!"

मॅडमनी प्रबंध मिटला. "तेल्यापासून नव्यानं लिही. आणि मौसांवरही विसंबू नकोस. तेव्हाचं कुणी दुसरं शोध."

तोंड लपवत घरी आले, तर चौकात ही गर्दी! वस्तीच्या मंडळानं सिमेंटचा भलामोठा हत्ती बसवला होता. मौसा त्याला हार घालत होते. खाली पाटी होती :

'संशोधन : कुमारी लिप्सा बेहेरा.'