अडगळीच्या खोलीतलं हिब्रू

वर्षभरात मी बायबलचा जुना करार मूळ हिब्रूतून घडाघडा वाचून दाखवीन, अशी घोषणा मी जेवताना केली, तेव्हा बायकोने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला!

"ताप नाहीये," ती म्हणाली. "मग हे कशासाठी?"

"ज्ञानासाठी!" मी छाती फुगवून म्हणालो.

खरं कारण तुम्हाला म्हणून सांगतो. बासरी शिकत होतो तेव्हा शेजारी चुका काढायचे. पोहायला शिकत होतो तेव्हा तर पाणीच चुका काढायचं! हिब्रूत माझी चूक दाखवील असा माणूस आमच्या अख्ख्या गल्लीत नव्हता. रद्दीच्या दुकानात 'स्वयंशिक्षक' मिळाला आणि मी कामाला लागलो.

मी नाटकांच्या प्रकाशयोजनेचं काम करतो. संध्याकाळी रंगमंचावर उजेड पाडायचा आणि दुपारी घरात अकलेचा. पण पहिल्याच धड्यात 'खोशेख' हा शब्द आला. खोशेख म्हणजे अंधार. यातला ख आपला साधासुधा नाही, घसा खरवडून काढावा लागतो. मी काढायला लागलो की मांजर खिडकीतून उडी मारून पळायचं.

"अहो, बंद करा ते! बाबा आहेत घरात!" बायको ओरडली.

बाबा म्हणजे माझे सासरे. जन्मभर त्यांनी गाडी चालवण्याच्या परवान्याच्या परीक्षा घेतल्या. उमेदवार घामाघूम होऊन गाडी उभी करायचा, हे खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "नापास. पुन्हा या." मलाही म्हणाले होते! पुढे मुलगी दिली, परवाना मात्र मला दुसऱ्या साहेबांकडून घ्यावा लागला. अशा माणसाला पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची वाचाच गेली. आता नुसते डोळे फिरायचे. उजेड सोसत नाही म्हणून खोलीला जाड पडदे लावलेले. बायको दिवसातून दहादा त्यांच्या उशाशी जाऊन बसायची.

"मला फक्त एकदा 'चिमे' म्हणून हाक मारू देत," ती म्हणायची. "मग मला काही नको." तेव्हा मात्र मला चेष्टा सुचायची नाही.

वाचाउपचार करणाऱ्या बाई यायच्या. चित्रं दाखवायच्या, ओठ हलवून दाखवायच्या. सासरे त्यांच्याकडे नापास उमेदवाराकडे बघावं तसं बघायचे. शेवटी बाईंनी सांगून टाकलं, "पुढच्या खेपेला एक तरी शब्द निघाला पाहिजे. नाहीतर माझं येणं थांबवू या. उगाच छळायचं कशाला त्यांना?"

बायकोने मला हिब्रूसकट अडगळीच्या खोलीत हाकललं.

त्या खोलीत नाटकांचं जुनं सामान होतं. डोळ्यांच्या जागी भोकं असलेले मुखवटे, हात तुटलेला पुतळा, पांढऱ्या चादरीखाली झाकलेलं कोण जाणे काय! खिडकी नाही. वर भिंतीत जाळीचा एक झरोका होता. तो कुठे उघडतो याची मी कधी चौकशी केली नव्हती. मी बॅटरी लावून बसलो आणि म्हणालो, "खोशेख."

जरा वेळाने कुठूनतरी उत्तर आलं. "...खो...शे..."

प्रतिध्वनी, दुसरं काय! मी स्वतःची समजूत घातली. पण प्रतिध्वनी इतका रेंगाळतो का? आणि तो श्वास घेतो का?

दुसऱ्या दुपारी मी मुद्दाम तोंड घट्ट मिटून बसलो. मुखवटे माझ्याकडे बघत होते. बराच वेळ काहीच झालं नाही. मी उठणार, एवढ्यात भिंत खाकरली. मग खोल विहिरीतून यावा तसा आवाज आला, "मा...यिम..."

मायिम म्हणजे पाणी. कालच्या धड्यातला शब्द! प्रतिध्वनी एकवेळ उशिरा येईल, पण दुसऱ्या दिवशी येईल? ज्या काळचं हिब्रू मी गिरवत होतो, त्या काळचं आता कुणीही हयात नाही. मग माझ्याबरोबर अभ्यासाला कोण बसलं होतं?

बायकोला सांगायची सोय नव्हती. पण मीही उजेडाच्या धंद्यातला माणूस! नाट्यगृहातला सगळ्यात मोठा दिवा मी घरी उचलून आणला. भूत असेल तर समोरासमोर होऊन जाऊ दे!

नेमकी ती बाईंची खेप होती. पलीकडे त्या सासऱ्यांना मंद दिव्यात पेल्याचं चित्र दाखवत होत्या. इकडे मी चादर बाजूला केली, दिवा मांडला, कळ दाबली. क्षणभर मुखवटे लख्ख उजळले, हसल्यासारखे दिसले आणि फट्! अख्ख्या घराचा फ्यूज उडाला!

काळोख. मिट्ट काळोख. आणि माझ्या कानाशी बसल्यासारखं कुणीतरी, अगदी स्वच्छ, घसा खरवडून म्हणालं, "खोशेख!"

मी किंचाळलो! बॅटरी उचलून पळताना चादर अंगाभोवती गुरफटली. बोळात मी बाईंवर आपटलो, बाई बायकोवर आपटल्या. पांढरं धूड बघून बाईंनी हातातली पिशवी माझ्या डोक्यात घातली.

"अहो, मी आहे, मी!"

"मग आत्ता ते कोण बोललं?" बायकोने विचारलं.

"मी नाही!"

"मीही नाही," बाई म्हणाल्या.

आम्ही तिघं तर बोळात होतो. आणि सासऱ्यांच्या खोलीतून पुन्हा आलं, "खोशेख."

बायकोने माझ्या हातातली बॅटरी हिसकावली आणि आत गेली. सासरे उशीवरून मान उचलून वर बघत होते. भिंतीतल्या जाळीच्या झरोक्याकडे!

"बाबांच्या अंगात काहीतरी शिरलंय!" ती रडायला लागली.

"अगं, बरोबर बोलताहेत ते! खोशेख म्हणजे अंधार!"

बाईंनी एकदा झरोक्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "रोज इथून हे ऐकत होते ते. आणि म्हणून बघत होते! अहो, घसा मोकळा झालाय त्यांचा!"

आता मी गुरू झालो होतो! चादर सावरत मी पुढे सरसावलो. "बघा हं बाबा, आता दिवा येईल. म्हणजे उजेड. उजेडाला आपण काय म्हणतो? आपण म्हणतो... म्हणजे... परवाच झालाय तो धडा..."

उजेडाच्या धंद्यातल्या माणसाला उजेड आठवेना! सगळे वाट बघत होते. सासऱ्यांनी बराच वेळ माझं तोंड न्याहाळलं.

"ओर," ते म्हणाले.

अगदी बरोबर होतं! मग त्यांनी सावकाश मान वळवली. ओठ थरथरले, दोनदा मिटले. "चि...मे," ते म्हणाले. "दिवा... लाव."

बायको त्यांच्या छातीवर डोकं ठेवून हुंदके देऊ लागली. बाई डोळे पुसत होत्या. मलाही राहवेना. मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "बाबा, माझ्यासाठी काही?"

सासरे खिडकीकडे बघायला लागले.

"नापास," ते म्हणाले. "पुन्हा या."