बाबा असताना, बाबा नसताना

गॅरेजचं दार खाली येता येता अर्ध्यावर थांबलं आणि काहीतरी विसरल्यासारखं पुन्हा वर गेलं, तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. बाबांनी खाली वाकून दाराच्या दोन्ही बाजूंचे, मध्ये काही आलं की दार अडवणारे सेन्सर पाहिले. उजव्या सेन्सरवर कोळ्याचं जाळं होतं. त्यांनी ते रुमालाने पुसलं आणि ते पुन्हा रिमोट दाबणार, एवढ्यात लेक आली.

"थांबा! काय केलंत?"

"पुसलं."

"आधी निरीक्षण, मग बदल. आता आधी काय स्थिती होती ते कसं कळणार?"

"कळकट होती," बाबा म्हणाले.

लेकीने दोन महिन्यांपूर्वी भौतिकशास्त्राची पदवी घेतली होती आणि तेव्हापासून घरातल्या कुठल्याही वस्तूला सुखाने बिघडण्याची सोय उरली नव्हती. गेल्याच आठवड्यात तिने इस्त्रीचं तापमान तीन दिवस मोजलं होतं. तेवढे दिवस सगळे चुरगळलेल्या कपड्यांत वावरले.

"अगं, अकरा वाजता माझी चाचणी आहे," बाबा म्हणाले.

"अडीच तास आहेत. अर्ध्या तासात कारण सापडेल."

ही चाचणी लायसन्सच्या नूतनीकरणाची होती. आधी डोळे तपासणार, मग स्वतःची गाडी चालवून दाखवायची. बाबा एकोणसत्तर वर्षांचे होते. आठवडाभर ते जाता-येता घरातल्या बोळाच्या टोकाला उभे राहून समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातले बारीक आकडे वाचत होते. मागच्या महिन्यात त्यांनी गाडीची चावी गाडीतच ठेवून दार लावलं होतं, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात गाडी मागे घेताना स्वतःच्याच अंगणातली कुंडी फोडली होती. आई दोन्ही वेळा हसली. बाबा पहिल्या वेळी हसले, दुसऱ्या वेळी नाही.

लेकीने कामाला शिस्तीत सुरुवात केली. घरात दोन रिमोट होते. दुसरा स्वयंपाकघरातल्या खणात पडलेला असायचा. तो चुकून कुणी दाबला तर प्रयोग बिघडेल, म्हणून तिने तो काढून स्वतःच्या जीन्सच्या पुढच्या खिशात ठेवला. तिथे तो तिच्या देखरेखीखाली राहणार होता. मग ती वही घेऊन उभी राहिली.

"दाबा."

दार खाली येऊ लागलं. बाबा सवयीने सेन्सरपाशी उकिडवे बसले आणि त्याचा दिवा लागतोय का ते पाहू लागले. त्यांनी पुन्हा रुमाल फिरवू नये म्हणून लेकही त्यांच्या शेजारी उकिडवी बसली. दार थांबलं.

"बघितलंत? पुसून काही झालं नाही."

"मला वाटलं होतं जाळ्यामुळेच."

"वाटण्यावर जायचं नाही, बाबा."

दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खेपेलाही तेच. चौथ्या खेपेनंतर आईने बाबांना चहाला हाक मारली. ते आत गेले आणि लेकीने एकटीने, मोटरीचा आवाज ऐकावा म्हणून स्टुलावर उभं राहून, बटण दाबलं. दार शहाण्या मुलासारखं जमिनीला टेकलं. तिने वहीत लिहिलं. पुन्हा दाबलं, वर; पुन्हा दाबलं, खाली. काही तक्रार नाही.

बाबा कप घेऊन परत आले, दिव्याकडे वाकले, ती त्यांच्या शेजारी बसली. दार अडलं.

लेकीच्या डोळ्यांत वेगळीच चमक आली. "बाबा, जरा आत जाता?"

"चहा पिऊन झालाय."

"तरी जा."

त्यानंतरचा तासभर बाबा गॅरेज आणि दिवाणखाना यांच्यात येरझाऱ्या घालत होते. तिने हाक मारली की बाहेर, तिने मान हलवली की आत. आई दारात येऊन म्हणाली, "अगं, ते माणूस आहेत की स्विच?" पण तोवर तक्ता पूर्ण झाला होता. दोन रकाने: 'बाबा असताना' आणि 'बाबा नसताना'. पहिल्यात सात वेळा बिघाड, दुसऱ्यात सात वेळा सुरळीत. अपवाद एकही नाही. महाविद्यालयाच्या तीन वर्षांत तिला इतका स्वच्छ निकाल कधी मिळाला नव्हता.

"बाबा, दारात दोष नाही. तुमच्याकडून काहीतरी होतंय."

"माझ्याकडून?"

"सेन्सरच्या मध्ये तुमचा पाय येत असेल, नाहीतर हात. तुमच्या लक्षात येत नसेल एवढंच."

ती हे हळूच म्हणाली होती, पण शेवटचं वाक्य जिथे लागायचं तिथे लागलं. बाबांनी वही मागून घेतली, चष्मा लावून तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. "अक्षर छान आहे हं तुझं," ते म्हणाले आणि वही घेऊन आत गेले. या वेळी त्यांना कुणी जायला सांगितलं नव्हतं.

लेक दमून पायरीवर मटकन बसली. दार आपोआप खाली येऊ लागलं.

ती दचकून उठली. दार येतच राहिलं. ती परत बसली. दार थांबलं. तिने अगदी सावकाश, तापलेल्या भांड्याला हात लावावा तसा, खिशाला हात लावला.

आई मागेच उभी होती. तिने सगळं पाहिलं. "खिशात रिमोट अन् गावाला वळसा," ती म्हणाली. मग तिचं हसू मावळलं. "जा आधी, त्यांना सांग. ते कॉम्प्युटर उघडून बसलेत."

बाबा चाचणीची वेळ रद्द करण्याचा फॉर्म भरत होते.

"बाबा, थांबा! माझं चुकलं. रिमोट माझ्या खिशात होता. मी तुमच्या शेजारी बसले की तो दाबला जायचा. तुम्ही काहीच केलं नव्हतं! जाळं पुसलंत तेव्हाच दार दुरुस्त झालं होतं."

बाबांनी तिच्याकडे फार मायेने पाहिलं. तिला धडकीच भरली. "मला बरं वाटावं म्हणून सांगतेयस होय?"

"खरंच! चला, दाखवते."

ती त्यांना ओढत गॅरेजमध्ये घेऊन गेली. दार सोडलं, उकिडवी बसली, दार थांबलं.

"दाबायचंच ठरवल्यावर दाबलं जाणारच की," बाबा म्हणाले. "आणि वाटण्यावर जायचं नाही, हे मघाशी कोण म्हणालं? तिथे चौदा वेळा केलंस, इथे एकदा."

"मग अजून चौदा वेळा करू!"

"पावणेअकरा वाजलेत गं."

आई म्हणाली, "अहो, मी डोळ्यांनी पाहिलंय. खरं सांगतेय ती."

"तू तर तिचीच बाजू घेणार." बाबा आत जाऊन पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसले आणि लेकीला म्हणाले, "त्या तक्त्याचा फोटो मी तुझ्या मामाला पाठवला. त्याचा निरोप आला, पोरगी हुशार आहे म्हणून. मलाही तेच वाटलं. खरं सांगू? कुंडी फुटली तेव्हाच मला शंका आली होती. फक्त कुणीतरी मोजायला हवं होतं."

चुकीचं गणित खोडता येतं. पण वडील त्या गणितावर खूश असले तर काय करायचं, हे लेकीला कुणी शिकवलं नव्हतं.

फॉर्मच्या शेवटी 'रद्द करण्याचे कारण' असा रकाना होता. "हे तू लिही. तुला नेमकं लिहिता येतं," बाबा म्हणाले आणि उठले. ती बसली. तिने लिहिलं: बाबांची काही चूक नाही. मुलीने चुकीचा निष्कर्ष काढला.

बाबांनी खांद्यावरून वाचलं. "सरकारी कागदावर खोटं लिहायचं नसतं." त्यांनी सगळं पुसलं आणि एका बोटाने शोधत शोधत दोन अक्षरं उमटवली: वय. मग बटण दाबलं.

पडद्यावर लाल ओळ आली. कारण किमान वीस अक्षरांचे असावे.

बाबा विचार करत राहिले. "म्हातारपण" लिहून पाहिलं, मोजलं, पुसलं. "माझ्याकडे एवढं मोठं कारण नाही गं," ते शेवटी म्हणाले. "तुझं किती अक्षरांचं होतं?"

"एकवीस."

"मग तेच टाक. नाहीतर फॉर्म जायचा नाही."

"नका ना रद्द करू, बाबा. अजून दहा मिनिटं आहेत."

"टाक."

तिने पुन्हा तेच लिहिलं, या वेळी प्रत्येक अक्षर जपून, आणि हात मागे घेतला. बटण बाबांनी दाबलं. गोल चक्र बराच वेळ फिरत राहिलं. मग हिरव्या ओळीत उत्तर उमटलं: आपण दिलेले कारण ग्राह्य धरण्यात आले आहे.

"बघ," बाबा चष्मा काढत म्हणाले, "त्यांना पटलं."