शिवलेले पासपोर्ट

राजेसाब टेलरनं दोन्ही पासपोर्ट शिवून टाकले. हो, शिवूनच! नव्या बंडीच्या आत छातीपाशी चोरखिसा केला, त्यात स्वतःचा आणि बायकोचा पासपोर्ट घातला आणि खिशाच्या तोंडावर मशीनची दुहेरी टीप मारली. मक्केच्या उमरा यात्रेच्या एजंटानं माईकवरून बजावलं होतं, "पासपोर्ट चोरीला गेला की यात्रा संपली. अंगावेगळा करू नका." चाळीस वर्षं शिलाई करणाऱ्या माणसाला असं सांगितल्यावर तो दुसरं काय करणार?

"आन् विमानतळावर उसवणार कशानं?" मदिनाबीनं विचारलं. "तितं कात्री न्हेऊ देत न्हाईत म्हणं."

"दातानं उसवीन. तू गप बस की."

मदिनाबी बॅग बांधायला लागली. अकरा वर्षं ती दुसऱ्यांनी आणलेलं झमझमचं पाणी घोटभर पीत, दुसऱ्यांच्या मक्का-मदिनेच्या गोष्टी ऐकत आली होती. आज पाच वाजता विमानतळाकडं जाणारी तिची स्वतःची बस सुटायची होती. एका खिशावरून वाद घालायला तिला सवड नव्हती.

यात्रेला निघण्याआधी ओळखीच्या सगळ्यांची माफी मागायची रीत. राजेसाबनं सकाळीच फेरी उरकली. समोरच्या कुमार टेलरचीसुद्धा मागितली, आणि तिथं मागायला बरंच काही होतं. मग तो आपल्या दुकानात आला, तर होटगीचे चनबसप्पा येऊन बसलेले.

"चनबसप्पा, गेल्या साली तुमची बंडी लई घट्ट झाली. माफ करा."

"केलं माफ. नवी कुटं हाय?"

राजेसाबनं घाईघाईत खुंटीवरच्या दोन नव्या बंड्यांतली एक कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिली, दुसरी स्वतःच्या पिशवीत टाकली आणि घरी येऊन भिंतीला अडकवली. दिवसभर लोक भेटायला येत होते. कुमार टेलरही हार घेऊन आला आणि नेमका त्या बंडीखालीच बसला.

दोन वाजता आंघोळ करून राजेसाबनं बंडी चढवली. जरा सैल वाटली. काळजीनं वाळलो असेन, असं म्हणत त्यानं छाती चाचपली. डावी चाचपली, उजवी चाचपली. मग बंडी काढून उलटी केली. खिसाच नव्हता!

"या अल्ला! मदिना, तूच कुटंतरी ठेवलंस. तुला कायच नीट ठेवता येत न्हाय!"

"मी हातबी लावला न्हाय," मदिनाबी म्हणाली आणि बांधलेल्या बॅगेवर बसून रडायला लागली.

रिक्षा चालवणारा पुतण्या अतीक धावत आला. "चाचा, पोलिसात जाऊ या."

"थांब. बघ, खिसा उसवलाय पर सुईचं भोकसुद्धा दिसत न्हाय. एवढं सफाईचं काम या रस्त्यावर दोघंच करतात. त्यातला एक मी."

कुमारच्या दुकानात गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्या देखत राजेसाबनं बंडी टेबलावर आपटली. "माजा खिसा दे!"

कुमारनं शांतपणे बंडी उलटून पाहिली आणि गळ्यातल्या टेपनं मापली. "मास्तर, हिला खिसा कधी नव्हताच. छाती बेचाळीस हाय. तुमी चौतीस. कुणाची बंडी घालून फिरताय?"

"चनबसप्पांची!" राजेसाब ओरडला. अतीकनं चनबसप्पांना फोन लावला. उचलला सुनेनं, दानेश्वरीनं.

"मामांना दवाखान्यात आणलंय हो! नवी बंडी घातल्यापासनं म्हणत हुते, छाती आवळतीया, आत कायतरी कडक लागतंया. आता बंडी निघंना, म्हणून नर्सबाई कात्री आणाय गेल्यात."

"कात्री!" राजेसाब किंचाळला. "कापू नका म्हणावं! त्यात माजी बायको हाय!"

अतीकनं रिक्षा अशी दामटली, की वाटेत राजेसाबनं त्या रिक्षाचीही माफी मागून ठेवली. दवाखान्यात पोचले तेव्हा बंडीचे दोन तुकडे झाले होते. कात्री पासपोर्टांपासून एका बोटाच्या अंतरावरून गेली होती. चनबसप्पा छातीला वायरी लावून पडले होते.

"अय्यो मास्तर! डॉक्टर म्हणतो, छाती नंबर एक हाय. टेलर बदला."

"माफ करा, चनबसप्पा."

"सकाळीच केलं की! एका दिवसात किती करू?" पण मग ते हसले. "मक्क्याला माजं बी नाव घ्या. आन् येताना खजूर आणा. कडक नकोत."

राजेसाबनं पासपोर्ट सदऱ्याच्या खिशात घातले. घरून मदिनाबी आणि बॅगा घेऊन निघालेली रिक्षा कुमारच्या दुकानाशी थांबली. सकाळी फेरीत जेवढा वेळ गेला होता, त्याहून जास्त वेळ तिथं एकट्याचीच माफी मागण्यात गेला. बस गाठली तेव्हा पाचाला चार मिनिटं कमी होती.

बस हलली. एजंट ओळीनं पासपोर्ट तपासत आला. राजेसाबनं छातीवर हात नेला. खिसा रिकामा! त्यानं शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्याकडं पाहिलं, मागच्या दोघांकडं पाहिलं, आणि उठून तोंड उघडणार एवढ्यात मदिनाबीनं त्याचा हात दाबला.

"बसा खाली. आता अख्ख्या बसची माफी मागायची हाय का?"

तिनं मांडीवरच्या पर्समधून दोन्ही पासपोर्ट काढले, एजंटाला दाखवले आणि परत आत ठेवले.

"तू कवा काढलंस?"

"तुमी कुमारच्या पाया पडत हुता तवा." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सगळ्या गावाची मागितली. एकजण ऱ्हायलंय."

बस सोलापूरबाहेर पडली तेव्हा राजेसाब हळूच म्हणाला, "मदिना, माफ कर."

"केलं," मदिनाबी म्हणाली आणि पर्सची चेन लावली.