खालची हनुवटी

"फोटो पाहिला गं. अगदी आत्याची हनुवटी आलीय तुला," थोरल्या बहिणीने फोनवर कौतुकाने सांगितले आणि लेखिकेची सकाळ तिथेच नासली. आत्याला हनुवट्या दोन होत्या.

फोटो लेखिकेच्या नव्या पुस्तकाच्या मागच्या पानावर जाणार होता. पुस्तक मुलांचे. त्यातली पाणघोडी आपल्या दोन हनुवट्यांवर बेहद्द खूश असते. नवव्या पानावर तर त्यांच्या मधल्या घडीत एक पाखरू येऊन झोपते. 'आपलं ते आपलं, लपवायचं कशाला?' हे पाणघोडीचे वाक्य लेखिकेला इतके आवडले होते की तिने ते चार वेळा वापरले होते.

छपाईपूर्वीची पाने तपासून परत पाठवताना तिने फोटोवर एक पिवळी चिठ्ठी चिकटवली: 'खालची हनुवटी काढावी. कुणाला सांगू नये.' सही केली नाही. मग लाज वाटून चिठ्ठी काढली. पुन्हा लावली. असे तीनदा झाले. चौथ्यांदा लावली तेव्हा तिच्यात गोंद असा फारसा उरलेला नव्हता, याची नोंद घ्यायला हवी.

चार दिवसांनी प्रकाशनाच्या कचेरीतून फोन आला. ताबडतोब या.

टेबलाभोवती तिघे बसले होते: संपादकबाई, चित्रकार आणि अठ्ठावीस वर्षे पानांची मांडणी करणारे काका. काकांची ख्याती अशी, की लिहिले असेल ते तडीस नेतात आणि का म्हणून विचारत नाहीत.

"ताई, माझं पाखरू कशावर झोपलंय ते सांगा," चित्रकाराने नववे पान पुढे सरकवले. पाखरू हवेत झोपले होते.

"चिठ्ठी पहिल्या पानावर होती," काका म्हणाले. "पाणघोडीच्या गळ्याशी. हनुवटी काढली. मग मान लांब वाटायला लागली, ती आखडली. मग पोट फार दिसायला लागलं."

"म्हणून पोटही काढलंत?"

"प्रमाण नको राहायला?"

चोविसाव्या पानापर्यंत पाणघोडीची शेळी झाली होती, आणि ती शेळी छाती काढून म्हणत होती, 'आपलं ते आपलं, लपवायचं कशाला?'

"परवा छपाई आहे," संपादकबाई म्हणाल्या. "मूळ चित्रं पुन्हा बसवता येतील."

"मूळ चित्रं माझ्या घरी आहेत," चित्रकार म्हणाला. "आणि तिथेच राहतील. माझ्या पाणघोडीची लाज वाटणारं माणूस या पुस्तकाच्या आसपास आहे. मी नाही देत."

लेखिकेच्या डोळ्यांपुढे तीन वर्षांची मेहनत शेळीच्या मागोमाग निघून जाऊ लागली. खरे सांगावे तर चित्रकार उठून जाणार. गप्प बसावे तरी जाणार. तिने तिसरा मार्ग धरला आणि बोलायला लागली.

ती सुरेख बोलली. मुलं आरशासमोर पोट आत ओढून उभी राहतात ते कुणामुळे, असे तिने विचारले. ज्याला स्वतःची हनुवटी सोसत नाही त्याने मुलांना काय शिकवावे, असेही विचारले. इथे तिचा आवाज खरोखरच कापला. चित्रकाराने चष्मा काढून पुसला.

"हे असं हवं," संपादकबाई म्हणाल्या. "मागच्या पानावरचा मजकूर काढून टाकू. तिथे पानभर तुमचा फोटो. आहे तसा, कुठेही हात न लावता."

"तसं असेल तर संध्याकाळी चित्रं आणून देतो," चित्रकार म्हणाला.

तिघेही तिच्याकडे पाहत होते. लेखिकेने नकळत मान वर ताणली, मग सावकाश खाली आणली.

"पानभर?"

"पानभर."

"बरं," लेखिका म्हणाली.

दोघे बाहेर गेल्यावर काकांनी पाने गोळा केली. फोटोचे पान खिडकीशी धरून तिरके केले, थोडा वेळ पाहिले आणि पिवळी चिठ्ठी तिच्यासमोर ठेवली.

"ताई, ही तुमची."

"माझी कशावरून?"

"गोंदाला धूळ धरते. फोटोवर चार पट्ट्या आहेत. चारही हनुवटीपाशी."

लेखिकेने चिठ्ठी बोटाने जवळ ओढली. "मग मघाशी बोलला का नाहीत?"

काकांनी चिठ्ठीतल्या दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवले, पाने काखेत मारली आणि फोटो मोठा करायला निघून गेले.