बीजा मिळाला

फोन शिरीषचा होता, बुधवारी तो घरीच विसरून ऑफिसला गेला होता, आणि फोन वाजला तेव्हा विनीताचे दोन्ही हात कणकेत होते.

"दीदी, जरा उठाना," ती शेजारच्या पूर्णिमाला म्हणाली. पूर्णिमा विरजण मागायला आली होती. अर्धा तास झाला तरी तिची वाटी रिकामीच होती.

पलीकडे जवळच्याच अभनपूर गावचा भैय्यालाल सुतार होता. "साहब ला बता देबे, बीजा मिल गे."

"बीजा?"

"हव. छै महीना ले खोजत रिहिस."

फोन बंद झाला.

(इथे जरा थांबू. बीजा हे झाड आहे. आपण त्याला बिबळा म्हणतो. लाकूड मधाच्या रंगाचं, दगडासारखं कठीण. पण पूर्णिमाची सासू विमानाला बिमान म्हणते, विटामिनला बिटामिन म्हणते, आणि थोरल्या नातवाला कुठल्याशा देशाचा व्हिसा मिळाला तेव्हा तिनं पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, घरोघरी जाऊन 'बीजा मिल गे' म्हणत पेढे वाटले होते. थांबणं संपलं.)

"भाभीजी," पूर्णिमा म्हणाली, "भाईसाब का वीज़ा आ गया."

मागचे पाच पेले, घाईघाईत

शिरीष पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात इंजिनिअर. गळती शोधून बंद करणं हे त्याचं काम. घरी, बाल्कनीत बसून, तो लाकडाचे पेले कोरायचा आणि ते गळायचे.

पहिला शिसमचा, बुडातून गळला. दुसरा सागाचा, तो कडेनं गळला. तिसरा खैराचा. त्यात चहा ओतताच टक् असा आवाज झाला आणि एका पेल्याच्या दोन वाट्या झाल्या. चौथा पुन्हा शिसमचा, इतका देखणा की विनीतानं त्यात मनीप्लँट लावला. पाचव्याबद्दल शिरीष बोलत नाही.

मग विनीतानं अट घातली. "रविवारपर्यंत असा एक कप करा का ज्यात मी शेवटच्या घोटापर्यंत चहा पिईन अन् बशीत थेंब पडणार नाही. नाही तर बाल्कनीत वॉशिंग मशीन बसणार. अन् घरात आता लाकडाचा तुकडाही आणायचा नाही."

"मग कप करू कायचा?"

"ते तुम्ही पाहा."

मशीन आलंसुद्धा होतं. हॉलमध्ये खोक्यात उभं राहून ते रविवारची वाट पाहत होतं.

बुधवार, पुन्हा

पूर्णिमा गेल्यावर विनीतानं कपाट उघडलं. शिरीषचा पासपोर्ट सापडला. त्याची मुदत कधीच संपली होती. म्हणजे नवा काढला, आणि तोही लपवून. गेले सहा महिने रविवारी 'साईट पाहायला' म्हणून नवरा कुठं जात होता, याचा हिशोब तिला एकदम लागला.

शिरीष संध्याकाळी आला. तिनं पाणी दिलं आणि समोर उभी राहिली.

"मिळाला म्हणे तुमचा."

शिरीषला ठसका लागला. "तुले कोणं सांगितलं?"

"कोणी का सांगेना. सहा महिने लपवून ठेवलं."

"तू नाही म्हटलं असतं म्हणून."

"किती दिवसांचा आहे?"

"दिवसांचा? साठ वर्षांचा तरी असेल."

विनीता खुर्चीवर बसली. "साठ वर्षं," ती म्हणाली. "अन् मी?"

"तुझ्यासाठीच तर चाललं आहे हे सारं."

"मी नाही येत."

"तुले यायचं काय काम आहे? शनिवारी मी एकटाच जातो. बसनं."

व्हिसा आणायला बसनं जाणारा माणूस. यावर तिचा लगेच विश्वास बसला. ती उठली, आत गेली आणि तिनं नागपूरला वडिलांना फोन लावला.

कॉलनीचा ग्रुप, त्याच संध्याकाळी

पूर्णिमा: शिरीष भाईसाब को वीज़ा मिल गया.
रणजित: मेरी बगल में बैठता है. मुझे नहीं बताया.
शर्मिष्ठा: कनाडा?
पूर्णिमा: हव.
शर्मिष्ठा: फ्रिज बेचेंगे क्या?
रणजित: संडे को सरप्राइज़ देते हैं. ऑफिसवालों को मैं बोलता हूँ.

हा ग्रुप शिरीषनं वर्षभरापूर्वी सोडला होता. रोज कुणीतरी त्याला 'नल कब आएगा' विचारायचं.

शनिवार, अभनपूर

मिळालेला बीजा म्हणजे एका पाडलेल्या घराचा खांब होता. भैय्यालालनं त्याचा हातभर तुकडा कापला. शिरीष पटाशी लावणार तोच म्हाताऱ्यानं त्याचा हात धरला.

"साहब, तैं कप के पेंदी कहाँ रखथस?"

शिरीषनं तुकड्याच्या बरोबर मध्यावर, गाभ्यावर बोट ठेवलं. बूड तिथंच यायला हवं, नकाशात तसंच छान दिसतं.

भैय्यालाल बराच वेळ हसला. लाकडाला चीर पडते ती गाभ्यापासून आणि पाणीही त्या चिरेतूनच झिरपतं, हे सांगायला त्याला फक्त एक रेघ ओढावी लागली. गाभा त्यानं उडवून दिला. उरलेल्या बाजूच्या लाकडातून शिरीष दिवसभर कोरत राहिला. दुपारपर्यंत तळहाताला फोड आला, चारपर्यंत फुटला. पाच वाजता पेला तयार झाला. भैय्यालालनं त्यात पाणी भरलं आणि दोघं चिलीम पेटवल्यासारखे त्याच्याकडे बघत बसले.

पाणी तसंच राहिलं.

रविवार

सकाळी दहाला बेल वाजली. दारात सासरे, बाबाराव. रेल्वेतून रिटायर झालेले, अंगात जाड स्वेटर, बगलेत दुसरा.

"जावईबापू, तिकडं लय थंडी असते म्हणतात."

"कुठं, बाबा?"

"आता काहून लपवून राहिले?"

त्यांच्या मागोमाग पूर्णिमा फुलं घेऊन आली. शर्मिष्ठा आली ती सरळ फ्रिज उघडून बघायला गेली. रणजित आणि ऑफिसातले चौघं चाकांची निळी सूटकेस ढकलत आले. फुलं वॉशिंग मशीनच्या खोक्यावर ठेवली गेली. शिरीषला वाटलं, एका पेल्याचं एवढं कौतुक? त्याचे डोळे भरून आले. ते पाहून रणजितचेही भरून आले.

"जातोस तर जा भाऊ," रणजित म्हणाला, "पर मले एक शब्द सांगितला असता."

"सांगणारच होतो. आधी टिकतो का ते पाहून राहिलो होतो."

"बीजा दाखवा तर," बाबाराव म्हणाले; हा उच्चार त्यांनी जिन्यात पूर्णिमाच्या सासूकडून उचलला होता.

शिरीषनं अपराध्यासारखं विनीताकडे पाहिलं, खिशात हात घातला आणि पेला टेबलावर ठेवला.

सगळे टेबलाभोवती जमले.

"ये क्या है?" पूर्णिमानं विचारलं.

"बीजा."

"मोहर कुठं मारतात?" बाबारावांनी पेला उलटा करून पाहिला.

विनीता सगळ्यांत आधी समजली. "म्हणजे तुम्ही शनिवारी कुठं गेले होते?"

"अभनपूरले."

"अन् कॅनडा?"

"कॅनडात बीजा होतो का?" शिरीषनं मनापासून विचारलं.

विनीता वळली. स्वयंपाकघरात गेली, चहाचं पातेलं घेऊन आली आणि पेला काठोकाठ भरला. खाली पांढरी बशी ठेवली. सगळे वाकले. रणजित तर नवी पाइपलाइन तपासतात तसा एक डोळा मिटून गुडघ्यावर बसला.

तिनं एक घोट घेतला. मग दुसरा. शिरीष फोडावर फुंकर घालत होता. ती मुद्दाम सावकाश पीत होती, किंवा चहा गरम होता. शेवटच्या घोटाला तिनं पेला उंच उचलला.

बशी कोरडी होती.

"थोडी तुरट चव लागते," विनीता म्हणाली. मग म्हणाली, "बाबा, ते खोकं जरा बाथरूमकडं सरकवू लागा."

बाबारावांनी दुसरा स्वेटर जावयाच्या खांद्यावर टाकला आणि खोक्याला हात लावला. पूर्णिमानं आपल्या सासूसाठी एक पेला सांगितला. शर्मिष्ठानं फ्रिजच्या बदल्यात दोन.

सूटकेस परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता.

पुढच्या रविवारी शिरीष ती रिकामीच ढकलत अभनपूरला जायला गेटमधून निघाला. चौकीदारानं उठून सलाम केला.

"साहब, वापसी कब?"

"शाम को. भारी रहेगी, तैयार रहना."

वर बाल्कनीत विनीता चहा पीत उभी होती. तिनं पेला कठड्यावर ठेवला आणि सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"अहो, पासपोर्ट घेतला का?"