नरहरपंतांची चतुःसीमा

नरहरपंतांसमोर कुणाचाही फोटो ठेवा, ते फोटोतल्या माणसाकडे बघायचे नाहीत. फोटोच्या कडेला बोट ठेवायचे आणि विचारायचे, "ह्याच्या पूर्वेला कोण?"

माणूस चक्रावायचा. फोटो असायचा बारशाचा नाहीतर मुंजीचा. त्याला पूर्व कुठली?

पण पंतांचा जन्म गेला मोजणी खात्यात. मोठमोठे नकाशे खळ लावून कापडावर चढवायचे, हे त्यांचं काम. जमिनीच्या कागदात लिहितात ना, पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओढा, उत्तरेस गाडीवाट, दक्षिणेस तमक्याचा गोठा? त्याला चतुःसीमा म्हणतात. पंतांचं म्हणणं, जमिनीला चतुःसीमा लागते तर माणसाला का नको? नकाशात वरची बाजू उत्तर, तशी फोटोतही वरची बाजू उत्तर. फोटोत दिसतो त्याला सगळेच ओळखतात. बाजूला कोण उभं होतं ते सांगा.

हे गृहस्थ हैदराबादेत चिक्कडपल्लीला माझ्या घरी माडीवर भाड्यानं राहायचे आणि गुरुवारी कचेरी सुटल्यावर माझ्या व्हरांड्यात बायकांना चिकटवही शिकवायचे. बायका हौसेनं यायच्या. फोटो, लग्नपत्रिका, आगपेटीची चित्रं, कापडाच्या ताग्यावरची रंगीत लेबलं, सगळं पिशवीत भरून आणायच्या. त्यांना वाटायचं, फुलं-पानं काढून छान वही सजवू. पंत त्यांना पट्टी आणि पेन्सिल द्यायचे आणि म्हणायचे, "आधी हद्दी आखा."

एका फोटोचा कोपरा दुसऱ्यावर चढला की ते ओरडायचे, "अतिक्रमण!" जिचं अतिक्रमण, तिनं चुलीपाशी जाऊन खळ ढवळायची, ही शिक्षा. खळ माझी बायको रखमा करायची. मैदा, पाणी आणि कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. रखमा गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. रेल्वेच्या कारखान्यात फिटर होतो मी, इंजिनं उघडून जोडली, पण खळीच्या गुठळ्या काही मोडता आल्या नाहीत. पंत बोट बुडवून म्हणायचे, "मारोतराव, ही खळ नव्हे, पिठलं आहे. भाकरी आणा."

वर्गात समोरच्या गल्लीतली वकिलीणबाई होती. तोंडानं फटकळ, नवऱ्यापेक्षा चांगली वकिली करणारी. तिनं लग्नानंतरचा जोडीचा फोटो आणला. मागे तळं, तळ्यात बदकं.

पंत म्हणाले, "उत्तरेस?"

"तळं."

"कुणाच्या मालकीचं?"

"अहो पंत, पडदा आहे तो! आबिड्सच्या स्टुडिओतला रंगवलेला पडदा!"

"पडदा असेल. पाणी दिसतंय. पाण्याला मालक असतो."

पंत ऐकेनात. सगळ्या वर्गाला रिक्षांत घालून आबिड्सला नेलं. मोक्यावर पाहणी करायची म्हणाले. मीही गेलो, कारण घरी बसून करायचं काय? स्टुडिओवाला बिचारा एवढ्या बायका बघून खूष झाला, त्याला वाटलं गिऱ्हाईक आलं.

"पंतसाब, वो तालाब नै है. परदा है."

"परदे के पीछे क्या?"

"दीवार."

"दीवार के पीछे?"

"इरानी की होटल."

पंतांचं समाधान झालं. वकिलीणबाईच्या वहीत आजही लिहिलेलं आहे, 'उत्तरेस बदकांसह तळे, त्यापलीकडे इराण्याचे हॉटेल.' तिच्या नवऱ्यानं ते वाचून सांगितलं, हे कोर्टात टिकेल.

आणखी एक सांगतो. दोन जावांचं एका बाळाच्या फोटोवरून जुंपलं. पालथं पडलेलं उघडं बाळ, चेहरा धड दिसत नाही. एक म्हणे माझा, दुसरी म्हणे माझा. पंतांनी फोटो गायरान ठरवला. गायरान म्हणजे गावाच्या सामाईक चराईची जमीन. बाळाची ओळख पटेपर्यंत कुणी चिकटवायचा नाही. पुढच्या गुरुवारी त्यांनी थोरलीच्या मुलाला बोलावलं. मुलगा म्हणजे पोस्टातला कारकून, मिशा असलेला. त्याला माझ्या व्हरांड्यात सतरंजीवर पालथा झोपवला आणि मान वळवायला सांगितली. बायका पदरात तोंड घालून हसतायत, पंत भिंग घेऊन फोटोतल्या बाळाच्या कानामागचा तीळ त्याच्या कानामागे शोधतायत, आणि तो म्हणतोय, "पंत, मला ड्यूटीवर जायचंय हो!" तीळ सापडला. थोरलीनं पेढे वाटले. धाकटी वर्षभर तिच्याशी बोलली नाही.

पंतांनी लग्न केलं नव्हतं. रखमा जेवायला वाढताना विचारायची, "भावजी, का नाही केलं?" ते म्हणायचे, "वहिनी, मोजणी चालू आहे." केस पांढरे झाले तरी मोजणी चालूच.

मग हैदराबाद राज्य मोडलं. तेलुगू मुलूख एकीकडे, कानडी एकीकडे, आपला मराठी मुलूख मुंबईकडे. हपिसं वाटली, टेबलं वाटली, माणसंही वाटली. वर्गातल्या बायका कमी व्हायला लागल्या. कुणाचा नवरा औरंगाबादला, कुणाचा नांदेडला. जाणारी प्रत्येक बाई वही घेऊन पंतांकडे यायची आणि पंत फेरफार लिहून द्यायचे. 'पूर्वेस शेजारीण होती, ती आता नांदेडला.' पट्टीनं रेघ मारायचे, नीट, सरळ.

एका संध्याकाळी कचेरीतून आले ते पायरीवरच बसले. म्हणाले, "मला कात्री दिली हो. मला!" राज्याचा भिंतीएवढा नकाशा त्यांनीच कापडावर चढवला होता. तो नव्या हद्दींवर कापायचा होता.

"मग कापला?"

"नोकर आहे मी, मारोतराव. न कापून सांगतो कुणाला?"

थोड्या दिवसांनी त्यांचाही हुकूम आला. दसरा झाला की औरंगाबाद.

त्या दिवसापासून ते माझ्या मागे लागले. "रखमावहिनींची नोंद राहिलीय. मी जायच्या आत त्यांचा फोटो बाहेर काढा."

फोटो एकच होता आणि तो ट्रंकेत तळाशी होता. ती गेल्यापासून मी ट्रंक उघडली नव्हती. मी सांगितलं, "पंत, नक्को."

"नक्को कसं? मी गेल्यावर नोंद कोण करील? तुम्ही? तुमची खळ बघितलीय मी."

रोज तेच. जिन्यावरून उतरताना, नळावर, दाढी करताना. शेवटी त्यांच्या जाण्याआधीच्या गुरुवारी मी फोटो आणून त्यांच्यापुढे टाकला. वर्गात तोवर वकिलीणबाई आणि आणखी दोघीच उरल्या होत्या.

रखमा स्टुडिओतल्या खुर्चीवर बसलेली. नवं लुगडं. ओठ घट्ट मिटलेले, जसं काही फोटोवाल्यानं तिचं काही चोरलंय. एकटीच. खाली डाव्या कोपऱ्यात काळपट डाग.

वकिलीणबाई म्हणाली, "मामा, हा डाग तेवढा कापून टाकते. कडेलाच आहे. फोटो कसा स्वच्छ दिसेल." आणि तिनं कात्री लावलीसुद्धा.

मी म्हणालो, "काप." डागाचं मला काय करायचं होतं?

"थांबा!" पंत एवढ्यानं ओरडले की कात्री तिच्या हातातून पडली. त्यांनी भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. म्हणाले, "बाई, डागाला नखं नसतात."

मग माझ्याकडे वळले. "मारोतराव, फोटो काढला तेव्हा तुम्ही कुठं होता?"

तेव्हा मला आठवलं. खुर्ची डुगडुगत होती. रखमा म्हणाली, मी पडते बघा, मला नाही काढायचा फोटो. म्हणून मी खाली उकिडवा बसलो आणि खुर्चीचा पाय धरून ठेवला. फोटोवाला म्हणाला होता, चाचा, तुम नै दिखते, बैठो. शिवाय तिला म्हणालोही होतो, हस की जरा, हात अवघडला माझा. ती हसली नाही.

पंतांनी माझा डावा हात ओढून फोटोशेजारी ठेवला. कारखान्यात एका बोटाचं पेर गेलंय माझं. फोटोतही ते बोट आखूड होतं.

अतिक्रमण उघड होतं. मी शिक्षेची वाट बघत होतो. खळ काय, मीच ढवळत होतो, आणखी काय ढवळायला लावणार?

पंतांनी टाक बुडवला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "पूर्वेस पडदा. उत्तरेस पडदा. दक्षिणेस फरशी. पश्चिमेस मारोतराव. नैऋत्य कोपऱ्यात सदर इसमाचे अतिक्रमण आहे." इथं थांबले. टाक परत बुडवला. "ते कायम करण्यात येत आहे."

खळ उतू चाललीय म्हणून मी आत गेलो. खळ उतू जात नसते.

निघायच्या आदल्या दिवशी बायकांनी हट्ट धरला, पंत, वर्गाचा ग्रुप फोटो काढू. पंत म्हणाले, "ग्रुप नक्को. सामाईक जमिनीत भांडणं होतात." एकट्याचा काढायला तयार झाले. पुन्हा आबिड्स, तोच स्टुडिओ, तीच बदकं. पंत कोट घालून, मांडीवर मोजपट्टी घेऊन खुर्चीवर बसले. वकिलीणबाईनं त्यांची टोपी सरळ केली. फोटोवाला काळ्या कापडात शिरला.

"मारोतराव," पंत समोर बघतच म्हणाले, "खुर्ची डुगडुगतेय."

मी बघितलं. नवी खुर्ची होती, सागवानी. चारही पाय फरशीला चिकटलेले. जन्मभर कारखान्यात काढलाय, काय डुगडुगतं आणि काय नाही ते मला कळतं.

"हौ पंत," मी म्हणालो, "लई डुगडुगतेय." आणि उकिडवा बसून खुर्चीचा पाय धरला.

काळ्या कापडातून आवाज आला, "चाचा, जरा पीछे हटो. हाथ आरा फोटो में."

"आने दो," पंत म्हणाले.