पाठमोरी जनीबाय

जनीबायनं माझं तोंड नीट पाहिलं, ते आमची ओळख होऊन महिना उलटल्यावर. तोवर तिनं पाहिला होता तो फक्त माझा उजवा घोटा. त्याच्याविषयीही तिचं मत फारसं चांगलं नव्हतं.

कोलशेतच्या मिठागरात मीठ ओढणारी ही बाई हाडं बसवण्यात आमच्या ठाण्यात पहिली. तिची तऱ्हा अशी, की दुखणेकरी आला की ती त्याच्याकडे पाठ करून बसायची. कुठं दुखतं, कधीपासून दुखतं, एक अक्षर विचारायची नाही. मिठागराच्या बांधाकडे बोट करून म्हणायची, "चाल. मना आयकू दे." तो बिचारा त्या कडक बांधावरून चिंचेच्या झाडापर्यंत जाऊन परत यायचा. जनीबाय डोळे मिटून त्याची पावलं ऐकायची आणि पाठमोरीच निकाल द्यायची.

एक जाडजूड गृहस्थ गुडघा धरून आले होते. त्यांची फेरी पुरी होताच ही म्हणाली, "गुडघा बरा हाय. खोड कंबरंत हाय. दिसभर एकच मांडी घालून बसतंस, आता दुसरी घाल." एक शिपाई नवे करकरीत जोडे घालून चालला, तर म्हणाली, "जोडे काढ रे. चामड्यावर माजा इलाज नाय."

आता माझी थोरवी ऐका. तेव्हा मी पंधरा वर्षांची, कल्याणची लेक, ठाण्याची सून, आणि पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याआधी माझे पाय बाहेर आले होते. अशा माणसानं पाठीला पाय लावला की उसण उतरते, असं तेव्हा घरोघर मानत. आळीतल्या बायका कंबर धरून आमच्या ओटीवर येत, पालथ्या पडत, आणि मी तीनदा पाय लावत असे. उसण दोन-तीन दिवसांत आपली आपणच जाते, हे मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. ज्या घरात मान वर करून बोलायची चोरी, तिथं थोरामोठ्या बायकांच्या पाठीवर पाय ठेवायला मिळत होता! मी पाय धुऊन, तोरड्या सारख्या करून, नवसाला पावणाऱ्या देवीचा चेहरा करून उभी राहायची.

एकदा सासूबाईंच्या मावसबहिणीला उसण भरली. आम्ही त्यांना मावशी म्हणत असू. त्यांनी पाठीला तेल चोपडून घेतलं होतं, हे देवीच्या ध्यानात आलं नाही. मी ऐटीत पाय ठेवला, त्याच क्षणी मावशी शिंकल्या, आणि देवी ओटीवरून थेट अंगणात. मावशींची उसण होती तिथंच राहिली. माझ्या घोट्याचं हाड मात्र जागचं हललं.

पंधरा दिवस लेप झाले, पट्ट्या झाल्या. सूज हटेना, टाच टेकेना. मग मावशी माजघरात सासूबाईंना म्हणाल्या, मला ऐकू जाईल एवढ्याच हळू, "मुलगा तरुण आहे तुझा. लंगडी सून जन्मभर ओढणार का? माहेरी पोचवून दे. दुसरी बघता येईल." त्या काळी असं होत असे. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी छकडा जुंपायला सांगितला आणि त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या.

मी समजले, निघालो कल्याणला. पदर तोंडात कोंबून रडत बसले. छकडा कोलशेतच्या वाटेला लागला तेव्हा तर दुप्पट रडले. कारण आता एक मिठागरातली बाई माझ्या पायाला, साक्षात पायाळू पायाला, हात लावणार!

"मी पायाळू आहे," मी जनीबायच्या पाठीला सांगितलं.

"पायालू?" पाठ म्हणाली. "मंग तुजा पाय तुजा तुलाच लाव."

सासूबाई पदराआड हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

काठी धरून मी बांधावर चालले. एक पाऊल भरीव, एक अर्धं, घासत. जनीबायला एरवी एक फेरी पुरायची. मला म्हणाली, "परत चाल." तीन फेऱ्या झाल्यावर ती वळली, माझा घोटा मांडीवर घेतला आणि विचारलं, "तुज्या दादल्याचा नाव काय गो?"

सासूसमोर नवऱ्याचं नाव! मी लाजून मान खाली घातली, आणि त्या लाजण्यातच तिनं घोटा ओढून कट्‌कन बसवला. माझ्या किंकाळीनं चिंचेवरचे बगळे उडाले.

मला वाटलं, आता महिनाभर लोळायचं. पण जनीबायजवळ लोळणं नव्हतं. रोज छकड्यातून सासूबाईंबरोबर जायचं, गरम मिठाच्या पुरचुंडीनं शेक, उंडीच्या तेलाचा हात, आणि मग पायाच्या बोटांनी चिंचोके उचलून मातीच्या एका परळातून दुसऱ्या परळात टाकायचे. पहिल्या दिवशी दोन उचलले. तिसऱ्या दिवशी तिची पाठ आहे असं पाहून मी हळूच हात घातला.

"हाताचा आवाज येगला," पाठ म्हणाली. "वत ते सगले. पयल्यापासून उचल."

एक दिवस शेजारच्या मीठवालीनं सासूबाईंना सांगितलं. जनीबायची एकुलती एक लेक जन्मतःच एका पायानं अधू होती. तिच्यासाठीच ही दारोदार फिरून हाडांचं काम शिकली. गावाचे हातपाय सरळ झाले, तो एक पाय झाला नाही. आणि नवव्या वर्षी पोर पटकीनं गेली. मी ते ऐकलं आणि चिंचोके उचलत राहिले. पंधराव्या वर्षी मला माझ्या घोट्यापलीकडे जग नव्हतं.

महिन्यानं मी काठीवाचून बांधावर चालले. टाच, चवडा, टाच, चवडा. राणीसारखी.

"सरल," जनीबाय म्हणाली आणि वळून प्रथमच माझं तोंड पाहिलं. "नाक बरा हाय." मग पुन्हा पाठ केली. बांधाकडे बोट करून म्हणाली, "येक डाव पयलेसारकी चाल."

मला रागच आला. एवढं सरळ केलेलं आता वाकडं करून दाखवू? मी तोंड उघडणार, तोच सासूबाईंनी दंडाला चिमटा काढला. "चाल," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

मी चिंचेपर्यंत लंगडत गेले, लंगडत आले. एक पाऊल भरीव, एक अर्धं. प्रत्येक अर्ध्या पावलाला जनीबायचं बोट तिच्या गुडघ्यावर हलत होतं. निकाल काही दिला नाही. एवढंच म्हणाली, "बस. आता सरल चाल. घरा जा."

घरी मावशी बसल्या होत्या. त्यांना पाणी द्यायला मी मुद्दाम चार फेऱ्या घातल्या. आज सत्तरी उलटली. नातवंडं चढावर धापा टाकतात, मी पुढं असते. हा घोटा जनीबायच्या हातचा आहे, हे मी ताठ मानेनं सांगते. पायाळूपणाचं मात्र नाव काढत नाही.

त्या लंगड्या पावलांत जनीबाय कुणाला ऐकत होती, हे मला पुढं कळलं, आणि मग दर वर्षी माझा घोटा एकदा दुखायचा. सासूबाई काही न विचारता छकडा जुंपायला सांगायच्या. मी बांधावर लंगडत चालायची. चोरटा हात ज्या कानाला कळला, त्याला माझं हे सोंग कळलं नसेल? पण जनीबायनं कधी घोटा हातात घेतला नाही. पाठमोरीच म्हणायची,

"लय दुकतंय गो? परत चाल."